स्वप्नात आलेली माणसे

आदिलाबादेतल्या आमच्या प्रार्थनासभेत एक ताई म्हणाल्या, "दोन वर्षे अबोला असलेल्या जाऊबाई स्वप्नात रडताना दिसल्या. काय समजावे?"

आम्हांला दोन स्त्रिया आठवल्या. येशूविषयीच्या स्वप्नाने पिलाताच्या पत्नीला फार क्लेश झाले (मत्तय 27:19). पती न्यायासनावर असतानाच तिने निरोप धाडला. त्याने मात्र हात धुतले. 1640 च्या सुमारास कोल्हापुरात बहिणाबाईंना तुकोबा स्वप्नात दिसले, तेही प्रत्यक्ष भेट नसताना! शूद्र गुरू केला म्हणून ब्राह्मण पती संतापले. पुढे आजारपणातून उठल्यावर तेच त्यांना घेऊन देहूला गेले.

दोघी अर्थ लावत बसल्या नाहीत. त्या माणसाच्या बाजूने उभ्या राहिल्या. निदान आम्ही तरी असेच वाचतो.

सभा संपल्यावर ताईंनी अंगणातूनच नांदेडला फोन लावला.