कोठारांचा डोंगर

पेरूतल्या ओयांतायतांबोला माणसं दोन कारणांनी येतात. माचू पिच्चूची रेल्वे इथून सुटते म्हणून, आणि गावाच्या पश्चिमेला इंकांचा किल्ला आहे म्हणून. सगळे ज्याला किल्ला म्हणतात ते खरं तर अर्धवट राहिलेलं मंदिर आणि त्याखालची पायऱ्यांची शेतं आहेत, पण त्यावर तिकीट आहे, गर्दी आहे, त्यामुळे किल्ला म्हटलं की काम भागतं. गाडीला वेळ असला की प्रवासी चौकात कोकाच्या पानांचा चहा घेत बसतात आणि कधीतरी मान वळवून पूर्वेकडे बघतात. तिथे पिंकुय्युना नावाचा उभा डोंगर आहे. त्याच्या मध्यावर, जिथे बकरीनेही विचार करून पाय टाकावा अशा जागी, लांबट पडकी घरं एकाखाली एक उभी आहेत. तिथे कोण राहत होतं, असं आमच्या सहलीतल्या एकांनी विचारलं. तिथे मका राहत होता.

माझी सगळी नोकरी धान्याच्या गोदामांत गेली. मराठवाड्यात मी गोदामपाल होते. थप्प्या मोजायच्या, पोत्यात सळई खुपसून नमुना काढायचा, ओलावा तपासायचा, टोके दिसले की थप्पी झाकून औषध द्यायचं आणि रात्री आवक-जावकीच्या वह्या लिहीत बसायचं. इतिहास म्हटला की लोकांना तलवारी आठवतात. मला आधी प्रश्न पडतो की या सगळ्यांना जेवायला कोण घालत होतं आणि त्याची नोंद कुठे आहे. त्यामुळे मंडळी सकाळी बाजारात लोकरीच्या टोप्यांची घासाघीस करायला गेली, तेव्हा मी गावातलाच एक तरुण वाटाड्या गाठला आणि पिंकुय्युनाची वाट धरली.

वाट गावातल्या एका अरुंद बोळातून सुटते. तिकीट नाही, खिडकी नाही. बोळाच्या कडेने इंकांच्या काळापासूनचा पाण्याचा पाट खळखळत असतो आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींचे खालचे थर त्याच काळचे आहेत. दार उघडं असलं तर आत अंगण दिसतं, अंगणात वाळत घातलेले कपडे दिसतात. बोळ संपला की दगडी पायऱ्या थेट अंगावर येतात. उंचीला एकसारखी अशी एकही पायरी नाही. पुढे पायऱ्या मधूनच संपतात आणि मुरमाचा घसारा लागतो. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला गावाची छपरं, दृष्टिभय भरपूर. सह्याद्रीत आयुष्यभर हिंडलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, फक्त हवा नवीन आहे. हे गावच २,७९० मीटरवर वसलंय, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी अकराशे मीटर चढावं तेव्हा इथल्या चौकात पोचू. दहा पावलं टाकली की थांबावं लागतं. वाटाड्या थांबायला काहीतरी निमित्त देत होता. कड्यात विराकोचा देवाचा चेहरा आहे, तो बघा, म्हणाला. नाक मला दिसलं. बाकीचा चेहरा मी त्याच्या भरवशावर पाहिला.

मी खांद्यावर पाण्याची बाटली घेऊन चढत होते. ज्यांनी ही वाट बांधली ते मक्याची ओझी घेऊन चढत. लामा तीसेक किलोच्या वर ओझं नेत नाही, जास्त लादलं तर मटकन खाली बसतो, आणि इतक्या उभ्या पायऱ्यांवर शेवटी माणसाचीच पाठ कामाला येते. इंकांच्या राज्यात चलन नव्हतं, तेव्हा कर म्हणजे श्रम. प्रत्येक घराने पाळीपाळीने राज्याच्या आणि देवाच्या शेतावर राबायचं, रस्ता बांधायचा, लढाईला जायचं. याला मिता म्हणत. आपल्याकडचा वेठ शब्द मनात येतोच, आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण या वेठीला एक नियम होता. स्वतःच्या शेतातला दाणा कुणाला द्यावा लागत नसे, आणि राज्याच्या कामावर असेपर्यंत जेवण आणि चिचा ही मक्याची दारू राज्याने पुरवायची. म्हणजे राज्याला आधी कोठार हवं, मग राज्य. पंधराव्या शतकाच्या मध्याला पाचाकुती या सम्राटाने ही दरी जिंकून ओयांतायतांबोची नव्याने उभारणी केली, त्या उभारणीतच ही कोठारंही आली. केचुआ भाषेत त्यांना कोल्का म्हणतात.

वर पोचल्यावर मी आधी बसले आणि मग तपासणीला लागले. तेवढी सवय जात नाही. भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या. समोरच्या मंदिरातल्या चिऱ्यांसारखा थाट इथे नाही, गोदामाला तो लागतही नाही. इमारती लांब आणि अरुंद, डोंगराच्या उतारावर पायरीपायरीने रचलेल्या. छप्पर गवताचं असे, ते अर्थात गेलंय. डोंगराकडच्या भिंतीत खिडक्या आणि दरीकडच्या भिंतीतही. अभ्यासक मानतात की दाणा वरच्या बाजूच्या खिडकीतून ओतत आणि खालच्या बाजूने काढत. मला हे पटायला फार वेळ लागला नाही. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा कोठीच्या छपरावर जिने चढून जातात आणि घुमटीच्या माथ्यावरच्या भोकांतून धान्य आत ओतत, तीच युक्ती. वरून भरा, खालून काढा, म्हणजे जुना माल आधी बाहेर पडतो. नवा माल पुढे आणि जुना मागे कुजत पडलेला, हे दृश्य मी ज्या गोदामांत पाहिलं त्यांची नावं घेत नाही.

पण एवढ्या उंचावर कशाला? खाली पाताकांचा नदीच्या काठाने सपाट जमीन आहे की. दुपारी बाराच्या सुमाराला याचं उत्तर मिळालं. उरुबांबा नदीच्या दरीतून वारा सुटला आणि माझी टोपी उडाली. खिडक्या समोरासमोर असल्यामुळे तो वारा इमारतीच्या आतून आरपार जातो. रात्री थंडी पडते. मक्यात १४ टक्क्यांच्या वर ओलावा असला तर आम्ही तो आत घेत नसू, कारण दमट दाणा आतल्या आत तापतो, बुरशी धरतो आणि शेजारची पोतीही घेऊन जातो. टोक्यांना ऊब लागते, थंडीत त्यांची वाढ मंदावते. इंकांकडे ना औषधाच्या गोळ्या ना ओलावा मोजायचं यंत्र, तेव्हा त्यांनी सगळी हमाली माणसाच्या पाठीवर टाकून धान्य थंडीवाऱ्यात नेऊन ठेवलं. शिवाय खाली शेतं होती. जिथे पीक येतं ती सपाट जमीन गोदामाखाली घालवायची नाही, हाही हिशेब त्यात असणारच.

ओयांतायतांबोची कोठारं साम्राज्याच्या मानाने किरकोळ. मध्य पेरूतल्या वानुको पाम्पा इथे क्रेग मॉरिस या पुरातत्त्वज्ञाने १९६०च्या दशकापासून काम केलं. तिथे टेकडीवर ओळीने ४९७ कोल्का आहेत, काही गोल, काही चौकोनी. गोल कोठारांत मक्याचे रांजण सापडले. चौकोनी कोठारं बटाट्यासारख्या कंदांची. कंद गवताच्या थरांत घालून दोरीने गाठोडी बांधत. काही ठिकाणी जमिनीखालून हवा खेळवायला पाट काढलेले सापडले. बटाट्यांचा चुन्योही करत. रात्रीच्या हिमात गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. मग ते वर्षानुवर्षं टिकतात. कोठारांत नुसतं खाणं नसे. कापड, वहाणा, हत्यारं, लोकर, सगळं असे. पेरू जिंकणाऱ्या फ्रान्सिस्को पिझारोचा लेखनिक पेद्रो सांचो याने १५३४ साली इंकांची राजधानी कुस्कोचं वर्णन लिहिलं, त्यात एका कोठीत लाखभर वाळवलेले पक्षी असल्याचं सांगितलंय, पिसांची वस्त्रं विणण्यासाठी. हा आकडा त्याने मोजला नसणार, पण डोळे दिपल्याशिवाय माणूस असं लिहीत नाही.

वरून गाव नीट दिसतं. लांब उभ्या गल्ल्या, त्यांना छेदणाऱ्या आडव्या गल्ल्या, मधले चौसोपी वाडे. पलीकडच्या डोंगरावर मंदिराच्या सहा अजस्र गुलाबी शिळा ओळीने उभ्या. त्या आणल्या उरुबांबापलीकडच्या काचिकाताच्या खाणीतून, दरीच्या तळापासून शेकडो मीटर उंचावरून खाली, नदी ओलांडून आणि पुन्हा वर. वाटेत राहून गेलेल्या शिळा अजून शेतात पडल्या आहेत. लोक त्यांना दमलेले दगड म्हणतात. ज्याँ-पिएर प्रोट्झेन नावाच्या वास्तुविशारदाने स्वतः नदीतले गोटे हातात घेऊन, ठोकून ठोकून दगड कसा घडवला जात असेल ते करून पाहिलं होतं. गाइड लोक प्रत्येक पर्यटकाला त्या शिळांपुढे थांबवतात आणि परग्रहवासीयांचा विनोद करतात. त्या शिळा ओढणाऱ्या शेकडो माणसांना रोज दोन वेळा काय वाढलं जात होतं ते मात्र सांगत नाहीत. ते सांगायला त्यांना पाठ फिरवून माझ्या डोंगराकडे बोट करावं लागेल.

इथेच स्पॅनिशांचा एक मोठा पराभव झाला. १५३३ मध्ये पिझारोनेच गादीवर बसवलेला मांको इंका १५३६ मध्ये उलटला आणि त्याने कुस्कोला वेढा घातला. वेढा महिनोन्‌महिने चालला. मांकोचे सैनिक मुळात शेतकरी, पेरणीचा हंगाम आला तसे ते घराकडे पांगू लागले. मांको ओयांतायतांबोला ठाण मांडून होता. १५३७च्या सुरुवातीला पिझारोचा भाऊ एर्नांदो पिझारो सत्तरेक घोडेस्वार, तीसेक पायदळ आणि मोठी स्थानिक मित्रसेना घेऊन त्याच्यावर चालून आला. पायऱ्यांच्या शेतांवरून दगडगोटे आणि जंगलातल्या तिरंदाजांचे बाण यांचा पाऊस पडला, आणि मांकोच्या लोकांनी पाट फोडून खालचं मैदान पाण्याखाली घातलं. घोडे पाण्यात अडकले. रात्री स्पॅनिश माघारी फिरले. मांको मात्र इथे फार राहिला नाही. कुस्को फार जवळ होतं. त्याच वर्षी तो विल्काबांबाच्या जंगलाकडे गेला. तिथलं राज्य १५७२ पर्यंत टिकलं. लढाईनंतर तीन वर्षांनी, १५४० मध्ये, हे गाव, इथली माणसं आणि त्यांचे श्रम एर्नांदो पिझारोच्याच नावाने लिहून दिले गेले.

कोठाराला धनी ओळखता येत नाही. भरलेलं गोदाम ज्याच्या हाती किल्ली त्याचं. इंकांनी सैन्याच्या प्रवासासाठी रस्त्यारस्त्याला कोठारं बांधली, आणि त्याच रस्त्याने आलेल्या स्पॅनिशांना ती आयती मिळाली. मांतारो खोऱ्यातल्या हाउहाच्या आसपास अडीच हजारांहून जास्त कोल्का मोजल्या गेल्या आहेत. साम्राज्य कोसळून चौदाएक वर्षं झाल्यावर पिझारोचा आणखी एक भाऊ गोन्सालो याचं बंड मोडायला निघालेल्या ला गास्का या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या सैन्याने तिथे सुमारे सात आठवडे तळ दिला, तेव्हाही कोठारांत मका होता, असं पोलो दे ओंदेगार्दो या न्यायाधिकाऱ्याने नोंदवलंय. सम्राट नाही, राजधानी परक्यांच्या हाती, आणि गोदाम चालू. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून एक फेरी मारली होती.

गोदाम चालू राहण्यामागे कोण होतं? किपूकामायोक. म्हणजे दोऱ्यांच्या गाठींत हिशेब ठेवणारा माणूस. मुख्य दोरीला लोंबत्या दोऱ्या, प्रत्येक दोरीवर गाठी, हा किपू. खालच्या टोकाला एकक, वर दहं, त्याच्या वर शतं, आपल्यासारखीच दशमान पद्धत. न्यूयॉर्कच्या लेलंड लॉक यांनी १९१२ मध्ये हे मांडून दाखवलं. स्पॅनिश इतिवृत्तकार सिएझा दे लेओन याला हे खरं वाटेना. त्याने हाउहाजवळ वाकारापोरा नावाच्या प्रमुखाला हिशेब दाखवायला सांगितला. पिझारो खोऱ्यात शिरल्यापासून दिलेलं सोनं, कापड, मका, जनावरं, सगळं गाठींत होतं, तेव्हा तो गप्प झाला. सिएझा आणखी एक गोष्ट सांगतो. सैन्य गेलं की गावोगावचे प्रमुख किपू घेऊन एकत्र बसत, कुणाचं जास्त गेलं, कुणाचं कमी गेलं ते बघत, आणि कमी गेलेल्यांनी जास्त गेलेल्यांची भरपाई करायची.

हाउहाच्या खोऱ्यातले हे लोक म्हणजे वांका. ते इंकांवर नाराज होते आणि स्पॅनिशांच्या पहिल्या मित्रांपैकी झाले. बदल्यात काय मिळालं हे त्यांना लवकरच कळलं. १५५८ आणि १५६१ मध्ये त्यांचे प्रमुख आपले किपू घेऊन लिमाच्या न्यायालयाकडे गेले आणि पिझारोच्या पहिल्या मुक्कामापासूनची यादी वाचून दाखवली. लामा, मका, कंद, घोंगड्या, वहाणा, मडकी, सरपण, हमालीला दिलेली माणसं. वर्षामागून वर्षं, एका गटामागून दुसरा गट. स्पॅनिश लेखनिकांनी ते उतरवून घेतलं म्हणून ते आज वाचता येतं. पुढे जॉन मुर्रा यांनी त्या याद्यांचा अभ्यास केला.

त्या यादीत सैनिकांना रीतसर दिलेला माल एका बाजूला आहे आणि त्यांनी लुटून नेलेला माल दुसऱ्या बाजूला, वेगळा. आमच्या वहीत चोरी, उंदीर आणि वाळलेला दाणा या सगळ्यांना मिळून एकच रकाना होता, 'घट'.