बर्फातला माड

गेल्या जानेवारीत मुलाने लीड्सहून एक फोटो पाठवला. घरामागचं अंगण बर्फाने पांढरं झालेलं आणि त्यात उभा चक्क एक माड! चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माड नव्हे, पानं ताडासारखी, पंख्याच्या आकाराची. खोडाला मात्र आपल्या माडाच्या झावळीच्या बुडाशी असतं तसं जाळीदार, केसाळ आवरण. "बाबा, हा उणे पंधरापर्यंत तग धरतो म्हणतात," मुलगा म्हणाला. आम्हा रत्नागिरीकरांनी पाणी गोठताना पाहिलं ते फ्रिजातच!

इतिहासाचा मास्तर, त्यामुळे हा तिथे पोचला कसा, हे शोधल्याशिवाय चैन पडेना. हा पाम मूळचा चीनचा. त्याच्या शास्त्रीय नावात रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश माळ्याचं नाव आहे. अफूच्या पहिल्या युद्धानंतर, १८४२ च्या तहाने चीनची बंदरं उघडली आणि १८४३ मध्ये फॉर्च्युन तिकडे गेला. चुसान बेटावर त्याला हे झाड दिसलं. १८४९ मध्ये त्याची रोपं लंडनच्या क्यू बागेत पोचली आणि उघड्यावर थंडी सोसून जगली. पुढे हौशी लोकांनी ती घरोघरी लावली.

हे युद्ध मी वर्गात अनेक वर्षं शिकवलं. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, हेही सांगायचो. पण त्याच वाटेने एक झाड इंग्लंडच्या परसात गेलं, हे मलाच ठाऊक नव्हतं. (हाच फॉर्च्युन पुढे कंपनी सरकारसाठी चीनमधून चहाची रोपं काचेच्या पेट्यांतून हिंदुस्थानात घेऊन आला. म्हणजे सकाळच्या कपातही तो आहेच.)

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. चिनी शेतकरी या झाडाच्या केसांपासून दोर वळत आणि पावसात अंगावर घ्यायचं आवरण करत. म्हणजे आपला सुंभ आणि आपलं इरलंच की! लीड्समध्ये त्याचं कोण काय करणार? तिथे ते शोभेला. त्याला नारळ नाही, खाण्याजोगं फळ नाही. नर-मादी झाडंही वेगळी. आपल्याकडे बंगल्यांपुढे बॉटल पाम लावतात, तसंच ते.

मुलाने विचारलं, थंडीत याची काळजी कशी घेऊ? मी म्हटलं, माडासारखाच याचाही कोंब एकच. तो गेला की झाड गेलं, बाजूने फुटवा येत नाही. कोंबात पाणी साचू देऊ नकोस, मुळाशीही नको. पानांवरचा बर्फ हलक्या हाताने झटक.

मग त्याने नेहमीसारखं विचारलं, "माझा माड कसा आहे?" तो जन्मला त्या वर्षी हिने विहिरीकडेला लावलेला बाणवली. मी म्हटलं, "आहे." खरं तर आदल्या पावसाळ्यातच त्याचा कोंब कुजला. मृगाआधी बोर्डो मिश्रण ओतायला हवं होतं. वर चढणारा गडी मिळाला नाही, मीही आज-उद्या करत राहिलो. कोंब हाताने ओढला तर उपटून आला, असं गडी नंतर म्हणाला. खोड अजून उभं आहे, तोडवत नाही.

मुलगा हे लिखाण वाचतो. बाळा, फोनवर सांगता आलं नाही.