खासी टेकड्यांतील निळी वंदा

फुलांना निळा रंग देताना निसर्गाने हात आखडता घेतलेला दिसतो. आमरीच्या कुळात, म्हणजे ज्यांना ऑर्किड म्हणतात त्या वनस्पतींत, तर तो फारच विरळा. म्हणूनच ईशान्य भारताच्या डोंगरांतील एका आमरीला सहजासहजी न मिळणारी कीर्ती मिळाली, आणि त्या कीर्तीनेच तिच्यावर संकट ओढवले. या आमरीचे शास्त्रीय नाव ‘वँडा सेरुलिआ’. त्यातील उत्तरपद लॅटिन असून त्याचा अर्थ आकाशासारखी निळी असा होतो. पूर्वपद मात्र आपल्याच घरचे आहे. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला संस्कृतात ‘वंदा’ म्हणतात. कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी हा शब्द उचलला. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १७९५ साली, प्रसिद्ध झालेल्या लेखात तो आला आणि पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी त्यावर शास्त्राची मुद्रा उमटविली. महाराष्ट्रात आंब्याच्या खोडावर दिसणारी एक आमरी याच वंशातील आहे. तिला कोणी बांडगूळ म्हणतात. पण बांडगूळ झाडाचा रस शोषते, आमरी केवळ आसरा मागते.

निळ्या वंदेचा शोध चहाच्या आणि राज्यविस्ताराच्या मागोमाग लागला. यांदाबूच्या १८२६ च्या तहाने आसाम कंपनी सरकारच्या हाती आला आणि सिल्हेटहून आसामात जाणारी वाट खासी टेकड्यांतून काढण्याचे ठरले. खासी सरदार तिरोत सिंग यांनी १८२९ पासून तिला शस्त्राने विरोध केला. १८३३ मध्ये ते कैद झाले आणि वाट मोकळी झाली. दोन वर्षांनी आसामातील चहाची पाहणी करण्यासाठी नेमलेले मंडळ याच टेकड्यांवर आले. त्यात विल्यम ग्रिफिथ हे तरुण डॉक्टर होते. त्यांना १८३७ मध्ये ही वंदा आढळली. त्यांच्या नमुन्यावरून जॉन लिंडले यांनी १८४७ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले; परंतु ते पाहण्यास ग्रिफिथ उरले नव्हते. १८४५ मध्येच मलाक्का येथे त्यांचा अंत झाला होता.

यानंतर व्यापार जागा झाला. व्हीच या इंग्लिश रोपवाटिकेच्या टॉमस लॉब या संग्राहकाने जिवंत रोपे धाडली आणि १८५० च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये निळी वंदा फुलली. त्याच वर्षी जोसेफ डाल्टन हूकर आणि टॉमस टॉमसन हे दोघे वनस्पतिशास्त्रज्ञ खासी टेकड्यांत हिंडत होते. लेरनाई गावाजवळच्या ओकच्या विरळ रानात त्यांना ही आमरी विपुल दिसली. वेड्यावाकड्या खोडांना मुळे घट्ट धरून ती ऊन, पाऊस आणि वारा उघड्यावर सोशीत होती, आणि निळे तुरे वाऱ्यावर डोलत होते. किऊच्या उद्यानासाठी दोघांनी सात हमालांची ओझी भरून रोपे काढली. हमालांच्या पाठीवरून सखल प्रदेशात, तेथून नावेने कलकत्त्याला आणि मग आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने, असा तो प्रवास. सात ओझ्यांतील फारच थोडी रोपे जिवंत पोहोचली.

एका गृहस्थाने मात्र आपला माळी हूकर यांच्याबरोबर जागा पाहण्यासाठी पाठविला होता. त्याने विलायतेस धाडलेले एकच ओझे, तेही दुरवस्थेत पोहोचलेले, तीनशे पौंडांस विकले गेले. एकेका रोपाला तीन ते दहा पौंड आले. खासी हमालाच्या पदरात त्यातले काय पडले, याचा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नाही. हूकर यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात हे आकडे दिले आणि चतुर संग्राहक एका हंगामात दोन-तीन हजार पौंड कमावू शकेल, असाही अंदाज नोंदविला. परंतु याच हूकर यांनी घरी लिहिलेल्या पत्रात वेगळे चित्र आहे. निरनिराळ्या संग्राहकांच्या माणसांनी वाटेकडेची झाडे ओरबाडली होती, वादळ होऊन गेल्यासारखा मोडक्या फांद्यांचा आणि आमऱ्यांचा सडा मैलोगणती पडला होता, आणि कलकत्त्याच्या उद्यानप्रमुखांच्या माणसांनी तर हजार टोपल्या खाली धाडल्या होत्या. ज्याला ही नासाडी दिसत होती त्यानेच नफ्याचे गणित छापावे, ही त्या काळाची रीत म्हणावी लागेल.

या हव्यासामागे अज्ञानही होते. आमरीचे बी धुळीसारखे बारीक; त्यात अंकुराच्या पोषणाची शिदोरी नसते. विशिष्ट बुरशीची साथ लाभली तरच ते रुजते, हे नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले. तोवर बियांपासून भरवशाने रोपे करणे माळ्यांना साधत नव्हते. गेलेले प्रत्येक रोप भरून काढायचे तर पुन्हा डोंगराकडेच माणसे पाठवावी लागत. आणि रोपे मरत तरी किती! वाऱ्यावर व थंडीत वाढलेल्या या आमरीला विलायतेत कोंदट, उष्ण काचगृहात डांबीत. तिचे खरे हवामान अगदी निराळे आहे, हे हूकर यांनी सांगूनही.

१९२२ मध्ये लुईस नडसन यांनी बुरशीवाचून, साखर व क्षार घातलेल्या पोषकावर, बी रुजविण्याची रीत सिद्ध केली. १९३१ मध्ये निळ्या वंदेचा फिलिपिन्समधील एका आमरीशी झालेला ‘रॉथशिल्डियाना’ हा संकर नोंदविला गेला, आणि तिची निळाई जगभरच्या बागांत पोहोचली. डोंगरावरची मूळ वंदा मात्र विरळ होत गेली. संग्राहकांच्या जोडीला जंगलतोडही आली. ओकचे झाड पडले की त्यावरची आमरीही जाते. १९७९ मध्ये जंगली रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. बागेतील लागवड वाढल्यावर २००४ मध्ये ती सैल करण्याचे ठरले. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींची जी मोजकी यादी घातली, तीत निळ्या वंदेचे नाव होते. त्या यादीतील रोप रानातून उपटणे हा तेव्हापासून गुन्हा आहे. शिलाँगच्या राष्ट्रीय आमरी-उद्यानात आणि अरुणाचलातील तिपी येथील केंद्रात या कुळाचे जतन होते. बाटलीत वाढविलेली रोपे पुन्हा रानातल्या खोडांवर बांधण्याचे प्रयोगही झाले आहेत. अशा रोपाला नव्या सालीवर मुळे रोवायला वेळ लागतो, आणि फुलावर यायला आणखी काही वर्षे.