गंडिपेटचं पाणी

हैदराबादेत एक जुनं बोलणं आहे: गंडिपेटचं पाणी जो प्यायला, तो हे शहर सोडून जात नाही. ऑफिसात पुण्याहून, इंदूरहून आलेल्या मुलांना मी हे ऐकवतो तेव्हा ती हसतात. त्यांच्या सोसायटीत टँकर येतो.

माझं मात्र या बोलण्यावर प्रेम आहे, कारण त्यामागे एक मोठा पूर आहे.

आमचं घर काचीगुड्यात, मुसी नदीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. आजोबा परभणीहून इथे शिकायला आले तेव्हा परभणी आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा तिकडे गेला, आजोबा इथेच राहिले. घरात मराठी, शाळेत तेलुगू, गल्लीत दख्खनी. (दख्खनीतलं ‘नक्को’ आपल्या ‘नको’वरून आलंय, हे मी प्रत्येक पुणेकराला सांगतो. त्यांनी विचारलेलं नसतं.)

मुसी तुम्ही पाहिली असेल तर पुलावरून नाक दाबून. वर्षातले बरेच महिने तिला नदी म्हणायला जीभ धजत नाही. पण २८ सप्टेंबर १९०८ ला याच नदीनं काही तासांत अर्धं शहर मोडलं. सुमारे १९,००० घरं पडली. मेलेल्यांचा आकडा १५,००० च्या आसपास सांगतात, काही जण त्याहून बराच मोठा सांगतात. अफझलगंजचा आणि चादरघाटचा पूल तुटला. कुतुबशाहीत १५७८ साली बांधलेला पुरानापूल तेवढा उभा राहिला.

पाऊस अफाट होता, पण इंजिनिअर म्हणून मला अडकवून ठेवतं ते वेगळंच. शहराच्या वरच्या अंगाला, मुसीच्या पाणलोटात त्या काळी ७८८ तलाव होते, म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक. त्यातले २२१ फुटले. वरचा फुटला की त्याचं पाणी खालच्याच्या बांधावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. आमच्याकडे एक सर्व्हर पडतो, त्याचा भार शेजारच्यावर जातो, तोही पडतो, आणि रात्री तीनला सगळ्यांचे फोन वाजतात. हे तसंच, फक्त इथे खाली माणसं झोपलेली होती.

त्या माणसांपैकी एक होते उर्दू कवी अमजद हैदराबादी. पुरात त्यांची आई, बायको आणि लेक वाहून गेली. ते स्वतः वाचले, आणि पुढे या पुरावर त्यांनी कविता लिहिली. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारात एक चिंच होती. तिच्यावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली असं सांगतात. ती चिंच अजून आहे. आजचं उस्मानिया हॉस्पिटल तिच्याभोवती आहे आणि दर २८ सप्टेंबरला काही लोक तिच्याखाली जमतात. मीही दोनदा गेलोय. ओपीडीच्या रांगेतले लोक वळून बघत होते, हे कसलं लग्न म्हणून.

पुढच्या वर्षी निजाम सरकारनं एका माणसाला बोलावलं. विश्वेश्वरय्या. पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेले, मुंबई सरकारच्या नोकरीत घडलेले. खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये त्यांनीच बसवले होते. नदीकाठी उंच भिंती बांधा, असं कुणीही सांगितलं असतं. त्यांनी सांगितलं ते असं की, पूर शहरात पोचायच्या आधीच, वर, अडवा. मुसीवर एक जलाशय आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर दुसरा. पूर आला की जलाशयानं तो पोटात घ्यायचा आणि खाली नदीला झेपेल तेवढंच हळूहळू सोडायचं. त्यासाठी पोटात जागा रिकामी ठेवायची. रिकामी जागा हेच त्या धरणाचं खरं काम.

मुसीवरचा उस्मान सागर १९२० मध्ये पूर्ण झाला, ईसीवरचा हिमायत सागर १९२७ मध्ये. उस्मान सागर ज्या गावापाशी आहे ते गंडिपेट. तिथलं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारानं, आसिफनगरच्या गाळणी केंद्रात येई आणि तिथून नळाला. ज्या नदीनं माणसं नेली, तिचंच पाणी शहर पिऊ लागलं आणि त्यावर अभिमानाचं एक वाक्य करून बसलं. आमच्या शहराचा स्वभाव मला यात दिसतो.

१९९६ साली सरकारनं जीओ १११ काढला: दोन्ही जलाशयांच्या दहा किलोमीटरच्या आत मोठी बांधकामं नाहीत, प्रदूषण करणारे कारखाने नाहीत. तिथल्या ८४ गावांतले शेतकरी वर्षानुवर्षं म्हणत राहिले की शेजारच्या गावात एकरी कोट्यवधी मिळतात आणि आम्हालाच का ही शिक्षा. त्यांचा राग खोटा नाही. शहर वाचवायचं आणि किंमत फक्त त्यांनी द्यायची, हे मला पटत नाही. पण २०२२ मध्ये बंधनं उठवताना सरकार म्हणालं की आता शहराला या पाण्याची गरज उरली नाही, कृष्णा-गोदावरीचं येतं. हे तर मुळीच पटत नाही. ते जलाशय आधी पुरासाठी बांधले होते. पाणी ही वरची कमाई.

सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात वरून पाणी सोडावं लागलं आणि मुसीकाठचं एमजीबीएस बसस्टँड पाण्यात गेलं, प्रवाशांना रात्रीत बाहेर काढावं लागलं. चादरघाटला वस्त्यांत पाणी शिरलं. तारीख जवळजवळ तीच.

बाबांना आता काचीगुड्याचं घर विकायचंय. जिना चढवत नाही, पार्किंग नाही, आणि मी रोज गच्चीबावलीला दोन तास घालवतो हे त्यांना बघवत नाही. मागच्या रविवारी आम्ही गंडिपेटच्या बाजूला एक फ्लॅट बघायला गेलो. सातवा मजला, बाल्कनीतून थेट तलाव. आई किती तरी वेळ तिथून हललीच नाही. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू.

उस्मान सागरची पूर्ण पातळी १७९० फूट. मी एजंटला विचारलं, तुमचा तळमजला समुद्रसपाटीपासून किती फुटांवर आहे?

तो म्हणाला, ‘सर, पार्किंग दोन लेव्हल आहे.’