घरच्या छापखान्याची कुळकथा

छापखाना म्हटला की डोळ्यांपुढे धडधडणारे यंत्र, खिळ्यांच्या पेट्या आणि शाईने माखलेले कामगार उभे राहतात. आपल्याकडे मुद्रणाचा इतिहास लिहिला गेला तोही बहुधा हेच चित्र समोर ठेवून. कोणी कोणत्या साली केवढे यंत्र विलायतेहून आणवले याच्या नोंदी सापडतात. परंतु गाठीला चार पैसे असताना, घराच्या पडवीत, स्वतःच्या हाताने छापणाऱ्यांचे एक निराळे घराणे आहे. रायगडच्या किनाऱ्यावरील गावांतून लग्नपत्रिका, दुकानांच्या कापडी पिशव्या आणि क्रिकेटच्या संघांचे सदरे छापणारी जी स्क्रीन प्रिंटिंगची बिऱ्हाडे दिसतात, ती या घराण्याची धाकटी पाती होय. मी शिक्षक आणि कादंबरीकार. दोन्ही धंदे छापील अक्षरावर जगणारे. म्हणून या घराण्याची कुळकथा सांगणे मला माझे देणे वाटते.

गंमत अशी की, या घराण्याचा मूळपुरुष एक गरजू लेखकच होता. म्युनिकचा आलोइस सेनेफेल्डर नाटके लिही. पण ती छापून घ्यायला पैसे नसत. स्वस्तात छापण्याच्या खटपटीत असताना, एके दिवशी धोब्याकडे द्यायच्या कपड्यांची यादी लिहायला कागद मिळेना, म्हणून त्याने ती स्निग्ध शाईने घासलेल्या दगडावर लिहिली. ही हकीकत त्याने स्वतःच नोंदवून ठेवली आहे. त्या यादीने सुरू झालेल्या प्रयोगांतून १७९६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत शिळाछाप जन्माला आला. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे आपल्या स्वयंपाकघरातले ज्ञान. ओल्या दगडावर शाई फक्त स्निग्ध रेघांनाच चिकटते, एवढेच त्याचे गुपित. ना खिळे पाडायला नकोत, ना ते जुळवायला नकोत.

हे गुपित मुंबईत पोचले आणि एका मराठी माणसाच्या हाती लागले. गणपत कृष्णाजी हा भंडारी समाजातला कारागीर अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करीत असे. तेथे पाहिलेले आपल्यालाही साधावे, या ईर्षेने त्याने घरी लाकडाचे यंत्र स्वतःच्या हाताने बनवले, कुर्ल्याच्या दगडाचा लहानसा तुकडा आणून त्यावर छापून पाहिले आणि शाईचे प्रयोगही स्वतःच केले. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात त्याच्या खटपटीची हकीकत आदराने दिली आहे. १८३१ साली त्याने मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला शिवेनात, तेव्हा त्याने तुपाची शाई केली, असे सांगतात. या गोष्टीत मला केवळ चातुर्य दिसत नाही. ज्याला आपल्या गिऱ्हाइकाच्या देवघरापर्यंत जायचे असते, त्याला त्याच्या शंकेचीही शाई करावी लागते.

पुढे निर्णयसागरसारखे थोर छापखाने उभे राहिले आणि लाकडी यंत्राची आठवण मागे पडली. परंतु घरची छपाई थांबली नाही. तिने दुसरी वाट धरली. ती वाट भोकांची.

आपल्या अंगणात ती पूर्वीपासून आहेच. भोके पाडलेला पत्र्याचा छाप जमिनीवर ठेवून त्यावरून रांगोळी फिरवली की खाली कमळ उमटते. चित्रकार कागदाला सुईने टोचे पाडून कोळशाच्या पुडीने खाका उतरवीत. मथुरेकडे कातरलेल्या कागदाच्या साच्यांतून सांझी घालतात. जपानी रंगाऱ्यांनी तर कागद तेंदूच्या जातीतल्या फळाच्या रसात भिजवून टिकाऊ केला, त्यात नक्षी कोरली आणि सुटे तुकडे जागेवर राहावेत म्हणून रेशमाच्या धाग्यांनी धरून ठेवले. अडचण नेमकी तीच होती. छापात ‘ठ’ कोरला तर त्याच्या पोटातला तुकडा गळून पडणार. त्याला धरायचे कशाने? उत्तर निघाले ते जाळीदार कापडाचे. साचा सबंध कापडालाच चिकटवला की कोणताही तुकडा गळत नाही आणि रंग मात्र जाळीतून खाली उतरतो. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने १९०७ साली अशा रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. ही जाळी म्हणजे मुळात पिठाच्या गिरण्यांत पीठ चाळायचे रेशमी कापड. आजही आपले कारागीर नायलॉनच्या जाळीला ‘बोल्टिंग क्लॉथ’ म्हणतात, त्यात त्या पिठाच्या चाळणीचेच नाव शिल्लक आहे.

अमेरिकेत १९२९ नंतरच्या मंदीत सरकारने बेकार चित्रकारांना भित्तिपत्रकांचे काम दिले, तेव्हा अँथनी वेलोनिस याने ही पद्धत त्यांना शिकवली. म्हणजे येथेही हात रिकामा असतानाच ही विद्या फळाला आली. पुढे १९६२ पासून अँडी वॉरहॉलने तिच्यावर जगभर नाव कमावले, तो भाग निराळा.

आता घरच्या संसाराकडे वळू. लागते काय? सागवानाची चौकट, तिच्यावर ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली जाळी, रबराची पट्टी, दोन बिजागऱ्या आणि एक टेबल. कापडावर छापायचे तर इंचाला शंभराच्या आसपास धागे पुरतात. पत्रिकेवरील बारीक अक्षरांना दोनशे-तीनशे धाग्यांची घट्ट वीण लागते. जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारा लेप देऊन तो अंधारात वाळवतात, त्यावर काळ्या अक्षरांचा पारदर्शक कागद ठेवून उजेड देतात आणि मग पाण्याने धुतात. जेथे उजेड पोचला तेथे लेप टिकतो; अक्षरांखालचा वाहून जातो. उजेडाला ऊनही चालते. वीज गेली तरी काम अडत नाही. पाच रंग हवे असतील तर पाच साचे. म्हणून गरीब कारागीर एका रंगात शोभा आणायला शिकतो, आणि ते शिक्षण काही कमी मोलाचे नव्हे.

पण कोकणचा पाऊस या धंद्याची परीक्षा पाहतो. आषाढात लेप लवकर सुकत नाही, आणि अर्धओला लेप उजेड दिला तरी धुताना निघून जातो. कच्च्या लाकडाची चौकट फुगून वाकडी होते, छापलेले कागद तासन् तास दोरीवर टांगावे लागतात. याहून गंभीर गोष्ट लेपाची. जुन्या रीतीत त्याला प्रकाशाची जाण आणण्यासाठी बायक्रोमेट मिसळीत. ते विषारी, कातडीला व्रण पाडणारे. जेथे विहीर आणि पडवी यांत दहा पावलांचे अंतर, तेथे ते धुवून अंगणात सोडणे म्हणजे घरच्याच पाण्यात विष कालवणे. आता त्याहून सौम्य, बायक्रोमेट नसलेले लेप मिळतात. थोडे महाग पडले तरी तेच वापरावेत. ही काटकसर करण्याची जागा नव्हे.

कोणी विचारील, लग्नपत्रिका नि पिशव्या यांत इतिहास कसला? माझे उत्तर असे की, ज्याला छापता येते त्याला आपले म्हणणे चारचौघांत मांडता येते. याच किनाऱ्यावर चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ साली सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. त्या लढ्याच्या काळातच, १९३७ साली, नारायण नागू पाटलांचे ‘कृषीवल’ निघाले. खोतांपुढे कुळाचा तोंडी शब्द टिकत नव्हता. छापील शब्दाला निराळे वजन होते. १९५० नंतरच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढले ते सायक्लोस्टाइलवर, म्हणजे भोकांच्या छपाईच्याच सख्ख्या भावावर. मराठी कवितेला नवे वळण द्यायला त्यांना रोटरी यंत्राची वाट पाहावी लागली नाही.

आज संगणकाने छापलेले फ्लेक्स चौकाचौकांत लटकतात आणि दहा पत्रिका हव्या असतील तर डिजिटल यंत्रच स्वस्त पडते. स्क्रीनवाल्यांचे काम त्याने कमी केले आहे, हे खरे. पण कापडावर बसलेला रंगाचा जाड थर आणि शे-दोनशे प्रतींचा माफक खर्च या दोन गोष्टींवर हा धंदा अजून तग धरून आहे. तो उद्या राहील की नाही, हे गिऱ्हाईक ठरवील. मात्र एक गोष्ट त्याच्याही हाती नाही. सेनेफेल्डरपासून पडवीतल्या पोरापर्यंत जे चालत आले ते यंत्र नव्हे, तो स्वभाव आहे: परवडत नाही म्हणून गप्प बसायचे नाही, तर परवडेल अशी रीत शोधायची. तो स्वभाव आहे तोवर या घराण्याचा वंश खुंटत नाही.