ठाण्याच्या आवारातली खुर्ची

घरात मार खाणाऱ्या किंवा अत्याचार झालेल्या बाईला आधार द्यायचा म्हणजे आधी तिला डोक्यावर छप्पर द्यायचं, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे आणि तिची परंपराही मोठी आहे. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवायचं असेल तर ठेवून जावं, अशी ती सोय होती. 1889 मध्ये पंडिता रमाबाईंचं शारदा सदन आलं, पुढे केडगावचं मुक्ती सदन. 1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. या घरांनी हजारो बायकांचे जीव वाचवले, हे नाकारायचं कारण नाही. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान होती: घर सोडायचं ते बाईनेच. जिथे अन्याय झाला ते सासर, तो वाडा, ते गाव जसंच्या तसं राहायचं. आज यवतमाळ जिल्ह्यात बाईला मिळणारी जी मदत आहे, तिची कुळी या घरांकडे जाते असं सहसा मानलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. तिची दुसरी आणि जास्त महत्त्वाची कुळी पोलीस ठाण्यात सुरू होते, आणि तीही विदर्भातल्याच एका ठाण्यात.

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीचा जबाब घेतला गेला. हे गाव तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. मुलगी आपण होऊन तिथे गेली नव्हती. भावाने तक्रार दिली म्हणून तिला बोलावलं होतं. जबाब झाल्यावर बरोबरच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत थांबवून घेतलं. तिच्यावरच्या अत्याचारासाठी ठाण्यातल्या दोन पोलिसांवर खटला झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1974 मध्ये त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये दोषी ठरवलं, आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध झाला नाही, असा तो तर्क. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे नागपूरला समजलं होतं, दिल्लीला समजलं नाही. कायद्याच्या पुस्तकात हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र शासन' म्हणून, म्हणजे आरोपी पोलिसाच्या नावाने आहे. चळवळीने तो मुलीच्या नावाने लक्षात ठेवला. ते नाव इथे घेत नाही, कारण त्याच चळवळीतून आलेल्या कायद्याने पीडितेची ओळख उघड करायला मनाई केली.

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, 1980 मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, आणि 1983 मध्ये कायदा दोनदा बदलला. एका दुरुस्तीने कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद केली. दुसरीने भारतीय दंड संहितेत 498 अ हे कलम घालून नवऱ्याचा आणि सासरच्यांचा छळ हा गुन्हा ठरवला. इथवरचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. पण कलम पुस्तकात आलं म्हणून ठाण्यातलं टेबल बदललं नाही. तिथे बसलेला माणूस 'घरचा मामला आहे, घरीच मिटवा' म्हणायचा, फार झालं तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घ्यायचा. नवऱ्याला बोलावून दोन थपडा मारल्या की पोलिसांच्या दृष्टीने काम झालं. त्या थपडांची परतफेड रात्री घरी कोणाला होते, हे पाहणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

या फटीत 1984 मध्ये एक खुर्ची ठेवली गेली. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष सुरू केला. जागा पोलिसांची, माणसं संस्थेची. तिथे बसणारी समाजकार्यकर्ती प्रशिक्षित, पण गणवेशात नसलेली आणि ठाणेदाराच्या हाताखाली नसलेली. या कल्पनेचं मोल तिच्या जागेत आहे, असं मला वाटतं. बाहेरच्या संस्थेची कार्यकर्ती ठाण्यात गेली की तिला बाकावर बसवून ठेवता येतं. आवारातच खोली असलेल्या कार्यकर्तीला टाळणं अवघड जातं. शिवाय बाईला दोन वेगवेगळ्या दारांत तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागत नाही. गुन्हा नोंदवायचा की नाही, स्त्रीधन परत आणायचं की आधी मुलं ताब्यात घ्यायची, माहेरी जायचं की सासरीच हक्काने राहायचं, हे ठरवायला तिला वेळ मिळतो आणि ठरवते तीच. देसाईगंजच्या त्या रात्री ठाण्यात एवढंच नव्हतं: पोलीस नसलेलं आणि बाहेर घालवता न येणारं कोणी.

याच तर्काने 2000 मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी 'दिलासा' केंद्र सुरू केलं, कारण ठाण्यात कधीच न जाणारी बाईसुद्धा टाके घालायला दवाखान्यात येतेच. नंतरच्या वर्षांत विशेष कक्षाची ही पद्धत मुंबईबाहेर नेली, तेव्हा सुरुवातीच्या जिल्ह्यांत यवतमाळ होतं. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने ती आपलीशी केली. 26 ऑक्टोबर 2006 पासून कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू झाला, त्याने संरक्षण अधिकारी दिला आणि बाईचा राहत्या घरातला हक्क मान्य केला. घर बाईनेच सोडायचं ही जुनी रीत कायद्याने पहिल्यांदा उलटी केली ती इथे. 2013 मध्ये राज्याची अर्थसाहाय्याची मनोधैर्य योजना आली, 2015 मध्ये केंद्राची सखी वन स्टॉप सेंटरं, 2017 मध्ये नागपूर पोलिसांचा भरोसा सेल. नावं बदलत गेली, प्रत्येक सरकारने आपली पाटी लावली, पण अशा केंद्रांच्या पाटीमागची रचना तीच 1984 ची.

यावर पहिला आक्षेप चळवळीतूनच येतो, आणि तो हलका नाही. अशी केंद्रं समुपदेशनाच्या नावाखाली बाईला परत नांदायला पाठवतात, गुन्हा नोंदवायचं टाळायला पोलिसांना एक सभ्य वाट मिळते, असं म्हटलं जातं. काही ठिकाणी हे घडतं. पण मग दोष खुर्चीचा की तिच्यावर बसणाऱ्याला कोणाचा हुकूम चालतो याचा? 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 498 अ च्या प्रत्येक तक्रारीसाठी कुटुंब कल्याण समित्या नेमायला सांगितलं होतं. समितीचा अहवाल येईपर्यंत अटक नाही. 2018 मध्ये न्यायालयानेच तो आदेश मागे घेतला, कारण कायद्याच्या मध्ये अशी चाळणी बसवता येत नाही, असं त्याचं तेव्हा म्हणणं होतं. समितीचं काम तक्रार गाळून घेण्याचं होतं. कक्षाचं काम तक्रार करणारीच्या बाजूने उभं राहण्याचं आहे. दोघांनाही समुपदेशन म्हणायचं असेल तर म्हणावं, पण काम वेगळं आहे. बाईने समझोतापत्र मागितलं तर ते करून द्यायचं आणि नवऱ्याने मोडलं तर पुढच्या कारवाईत तेच पुरावा म्हणून वापरायचं, हे दुसऱ्या जातीचं काम.

दुसरा आक्षेप गावातून येतो: एवढ्या दूर जिल्ह्याला कशाला, गावात तंटामुक्त समिती आहे, बंजारा तांड्यात नायक आहे, नसाब म्हणजे तांड्याची पंचायत बसते. जवळ असणं हा फार मोठा गुण आहे, हे मान्यच. पण 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत गावाला बक्षीस ठेवलं ते तंटे मिटल्याबद्दल. ज्या बाईचा तंटा मिटू नये, तो चालावा आणि निकालापर्यंत जावा, तिच्यामुळे गावाचे गुण कमी होतात. असा हिशेब डोक्यात असलेले पंच कितीही सज्जन असले तरी तिच्या बाजूचे होऊ शकत नाहीत. गावाकडे काहीच नाही असं मात्र नाही. दारू आणि मारहाण यांचं नातं जिल्ह्यातल्या बायकांना नेमकं कळलेलं आहे. यवतमाळमध्ये स्वामिनी अभियानाच्या झेंड्याखाली त्या दारूबंदी मागत आल्या, आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून, मतदानाला उतरल्या. गावात ताकद आहे, यात शंका नाही. फक्त ती ताकद बायकांच्या गटात आहे, पंचांच्या ओट्यावर नाही. गटातल्या बायकांनी तिला कक्षापर्यंत पोहोचवावं, निवाडा मात्र शेजाऱ्यांनी करू नये, ही वाटणी मला पटते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो, कारण तो नकाशाचा आहे. जिल्ह्यात 16 तालुके आणि साडेतेरा हजार चौरस किलोमीटर. उमरखेड एका टोकाला, वणी आणि झरी जामणी दुसऱ्या टोकाला. शंभर किलोमीटरच्या आसपास एसटीने यायचं, मजुरी बुडवून, लेकरू कडेवर घेऊन. झरी जामणी, मारेगाव, केळापूर या पट्ट्यातल्या कोलाम आणि गोंड पाड्यांवरच्या कुमारी मातांच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. लग्नाचं आमिष दाखवून निघून गेलेले बरेच पुरुष बाहेरून कामाला किंवा ठेक्याच्या निमित्ताने आलेले असतात. त्या मुलींना शिलाई मशीन मिळाली, घरकुलाची आश्वासनं मिळाली. म्हणजे पुन्हा 1863 चीच वाट, छप्पर आणि पोटापाण्याची. ती वाईट नाही. पण बापाचं नाव कागदावर आणायला, पोटगी मागायला, मुलगी अल्पवयीन असेल तर पोक्सो कायद्याखाली गुन्हा लावायला मशीन उपयोगाची नाही. त्याला वेळेत घेतलेला वैद्यकीय नमुना लागतो, कोलामी समजणारं माणूस लागतं आणि तारखेला बरोबर येणारं कोणी लागतं.

म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी आणखी एक सुसज्ज इमारत उभी करण्यापेक्षा केळापूर तालुक्यातल्या पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि झरीच्या दवाखान्यात एकेक खुर्ची नेणं जास्त शहाणपणाचं ठरेल. बाळंतपणाला, रक्त तपासायला, लेकराच्या लसीला ती मुलगी तिथे येतेच, आणि तिथे आल्याबद्दल पाड्यावर कोणी तिला प्रश्न विचारत नाही. त्या खुर्चीवर बसणारीचं मानधन वेळेवर निघालं पाहिजे आणि तिची नेमणूक दर अकरा महिन्यांनी टांगती राहता कामा नये, कारण पोटगीची प्रकरणं अकरा महिन्यांत संपत नाहीत.