दिवसा राम, रात्री कृष्ण

यंदा चतुर्थीला मालवणला घरी सगळे जमलो होतो. भजनं आटोपली की आमच्याकडे पत्ते निघतात. या वेळी भाच्याने भलतंच काहीतरी मांडलं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या वतीने आपणच बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासे सांगणार. आई ऐकत होती. म्हणाली, "मगे हो आपलो धयकालोच मां!" खरंच आहे. दशावतारी नाटकातले नट तरी लिहिलेली भाषणं कुठे पाठ करतात?

भाचा मात्र वैतागला होता. दुसऱ्या एका खेळातला लढाईचा नियम त्याला यात आणायचा होता आणि तो काही केल्या बसत नव्हता. मुळात हा खेळही असाच जन्मला. १९७१ सालच्या 'चेनमेल' या लुटुपुटीच्या लढायांच्या खेळाचे नियम घेऊन, त्यात भर घालून १९७४ मध्ये तो तयार झाला. पण मला आठवली ती कपाटातली गंजिफा, सावंतवाडीच्या राजवाड्यातून कधीतरी हौसेने आणलेली.

गंजिफा मूळची आपली नव्हे. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला हे पत्ते पाठवल्याचं बाबरनाम्यात आहे. मोगल गंजिफात आठ रंग आणि प्रत्येकात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण ९६. आपल्याकडे तिची दशावतारी गंजिफा झाली. ताज, शमशेर, गुलाम हे दरबारी रंग गेले आणि मासा, कासव, परशू आले. अवतार दहा म्हणून पानं झाली १२०.

एवढ्यावर कुणी म्हणेल, चित्रं बदलली, झालं. पण गंमत पुढे आहे. मोगल खेळात चार रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या चारांत उलटं, एक्का मोठा. राजा आणि प्रधान मात्र सगळीकडे वरच. या खेळात हुकूम नसतो, त्यामुळे सगळी मजा कुठलं पान कुठे मोठं आणि काय उतरून गेलं हे लक्षात ठेवण्यात. रंग दहा झाल्यावर हा नियम टाकला नाही. पाच सुलटे, पाच उलटे असा वाटून घेतला.

दुसरा नियम तर मला फारच आवडतो. मोगल खेळात दिवसा सुरुवात 'सुर्ख'च्या राजाने, म्हणजे सोन्याच्या नाण्याच्या. रात्री 'सफेद'च्या, म्हणजे चांदीच्या. एक सूर्य, एक चंद्र. दशावतारी गंजिफात दिवसा राम आणि रात्री कृष्ण. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी! ज्याने कुणी हे बसवलं त्याने नियम नुसता उचलला नाही, तो कशासाठी आहे हे ओळखलं आणि त्या जागी आपल्या घरातलं माणूस बसवलं, असं मला वाटतं.

उलट, म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडेयर यांनी एकोणिसाव्या शतकात छदाचे एकाहून एक मोठे खेळ रचले. त्यातल्या काहींत तीनशेच्या वर पानं! ते राजवाड्याबाहेर फारसे गेले नाहीत.

सावंतवाडीत ही कला जवळजवळ संपली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांना हाताशी धरून ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. त्यांचे उपकारच. चित्रं वाचली. पण खेळ? आपण गंजिफा घेतो, फ्रेम करतो, लग्नात भेट देतो. आमचीही इतकी वर्षं कपाटातच होती.

तर त्या रात्री आम्ही तिघं बसलो. प्रत्येकी चाळीस गोल पानं! हातात राहीनात, भाचा हैराण. मी पुस्तकात वाचलेलं आठवून म्हटलं, रामाचा राजा कोणाकडे?

आई चटकन म्हणाली, "रात झाली मां? मगे रामाचो राजा कित्याक व्हयो? कृष्ण कोणाकडे आसा ता बघ."

मी बघतच राहिलो. तिचे वडील खेळायचे, ती लहानपणी बाजूला बसायची. हात कसे मोजायचे तिला आठवत नाही. तेवढा एक नियम मात्र सत्तर वर्षं राहिला.

भाचा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तो लढाईचा नियम त्या खेळात मुळात कशासाठी होता ते बघायला हवं." मी म्हटलं, बघ.

असो. तुमच्या घरी कुणाला गंजिफा खेळता येत असेल, तर त्यांच्याकडून एकदा खेळून घ्या. लिहून ठेवा. आणि जमलं तर आम्हालाही कळवा, आमचा डाव अजून अर्धाच राहिलाय.